पाय ओढत चालणं : मूळ कारण शोधायला सुरुवात कुठून करायची?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझे बाबा, वय ६२. गेले आठ महिने उजवा पाय ओढत चालतात. लंगडतात म्हणावं तर तितकं ठळक नाही. पाऊल पुरतं उचललं जात नाही आणि चवडा जमिनीला घासतो. उजव्या चपलेचं टोक झिजून कागदासारखं झालंय, डावी चप्पल जशीच्या तशी आहे. कधी पडले नाहीत, मार लागलेला नाही. मधुमेह नाही. रक्तदाब आहे, त्याची रोज एक गोळी.

पहिल्यांदा गुडघ्याचा एक्स-रे निघाला. त्यात झीज दिसली म्हणून गुडघ्याच्या गोळ्या आणि पट्टा. फरक शून्य. मग कंबरेचा एमआरआय. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी थोडी बाहेर आलेली, 'नसेला स्पर्श' असं लिहिलंय. मग कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन, बी १२ची इंजेक्शनं, ड जीवनसत्त्व. फरक शून्य. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलरही झाला, तो नॉर्मल. आता मणक्याचं ऑपरेशन सुचवलंय. फाइल दोन बोटं जाड झाली.

मला खुपतंय ते वेगळंच. तीन ठिकाणी दाखवलं, पण 'जरा चालून दाखवा' असं कुणीही म्हटलं नाही. आत गेलो, खुर्चीत बसलो, फाइल पुढे केली, की बोलणं सगळं फाइलशी. चालण्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाची चाल बघायची नाही, हे कसं काय? अशा वेळी शोध कसा घेतात, आधी काय बघतात, हे जाणकारांनी सांगावं. ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी मला नीट समजून घ्यायचंय.

कोपरखळी:
वय ६२? चालायचंच!
(ह. घ्या.)

अस्थिपंजर:
कोपरखळी, या 'चालायचंच'पायीच लोक आमच्याकडे वर्षभर उशिरा येतात.

खडूफळा, मी हाडांचा डॉक्टर आहे. तुमची तक्रार खरी आहे आणि मलाही लागू आहे. ओपीडीत पेशंटला चालवायला ना जागा असते ना वेळ. तरी दारापासून खुर्चीपर्यंत तो चालतच येतो. मी तेव्हा मान खाली घालून आधीच्या पेशंटचा कागद पुरा करत असलो, की तेवढंही हुकतं.

लंगडण्यामागे मोजकीच मुळं असतात. दुखणं, स्नायूतला अशक्तपणा, आखडलेला सांधा, दोन पायांच्या लांबीतला फरक, नाहीतर मेंदू-मज्जारज्जूकडून येणाऱ्या हुकमात गडबड. यांतल्या प्रत्येकाची चाल निराळी. पाय दुखत असेल तर माणूस त्याच्यावर कमीत कमी वेळ टेकतो. एरवी चालीच्या एका फेऱ्यात पाऊल साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतं. दुखऱ्या पायाचा जमिनीवरचा वाटा घटतो, आणि डोळे मिटून नुसता पावलांचा आवाज ऐकला तरी ठेका चुकलेला कळतो. खुब्याच्या बाजूचा स्नायू दुबळा असेल तर त्या पायावर उभं राहिलं की पलीकडची कंबर खाली जाते. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या सर्जनने १८९५ साली हे लिहून ठेवलंय, आणि त्याच्या चाचणीला आजही यंत्र लागत नाही. पेशंटने एका पायावर उभं राहायचं, डॉक्टरने मागून बघायचं. पाऊल वर उचलणारी नस गेली असेल तर चवडा लोंबतो. मग माणूस गुडघा उंच उचलून टाकतो आणि पाऊल फाडकन आपटतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न: दुखतं का? दुखत असेल तर नेमकं कुठे?

खडूफळा:
इतक्या सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. दुखत नाही. संध्याकाळी पोटरी 'भरून आल्यासारखी' वाटते म्हणतात, तेवढंच.

अस्थिपंजर:
मग गुडघ्याची झीज विसरा. गुडघा नुसता झिजलाय, दुखत नाही, आखडलेला नाही, आणि तरी त्याच्यापायी माणूस आठ महिने पाय ओढतोय, असं होत नाही.

कोपरखळी:
ट्रेंडेलेनबर्ग यांच्यासाठी आपण 'एका पायावर तयार' आहोत.

भिंगरी:
माझा अनुभव लिहिते. मुलगा तेव्हा १२ वर्षांचा, अंगाने भरलेला. गुडघा दुखतो म्हणायचा आणि पाय बाहेर फेकून लंगडायचा. गुडघ्याचे दोन एक्स-रे काढले, दोन्ही स्वच्छ. 'वाढीचं दुखणं' म्हणून आम्हाला घरी पाठवलं. दीड महिना गेला.

तिसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. त्याला पाठीवर झोपवलं आणि मांडी पोटाकडे दुमडली. दुमडता दुमडता पाय आपोआप बाहेरच्या बाजूला वळला. ते म्हणाले, खुब्याचा एक्स-रे काढा, आणि आता याने पाय जमिनीला टेकवायचा नाही. ते ऐकून माझ्याच पायातलं बळ गेलं. खुब्याच्या गोळ्याची वाढीची टोपी सरकली होती. त्याला चाकाच्या खुर्चीतूनच एक्स-रेला नेलं, दुसऱ्या दिवशी स्क्रू बसला. आता तो १९ वर्षांचा आहे आणि धावतो.

दुखणं खुब्यात आणि कळ गुडघ्यात, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या नसा एकाच मुळातून निघतात, असं त्यांनी समजावलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर तो दीड महिना वाचला असता. म्हणून जिथे संधी मिळेल तिथे मी हे लिहिते.

अस्थिपंजर:
भिंगरी, लिहीत राहा. १० ते १६ वयाच्या मुलाचा गुडघा किंवा मांडी दुखतेय आणि तो लंगडतोय, तर खुबा तपासल्याशिवाय सोडायचं नाही. आणि एक. नुसत्या 'वाढीच्या दुखण्याने' मूल लंगडत नाही. ते रात्री रडतं, सकाळी उड्या मारतं. लंगडत असेल तर कारण वेगळं शोधायचं.

वळचण:
भिंगरीताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण धागा ६२ वर्षांच्या गृहस्थांबद्दल आहे आणि त्यांना दुखतच नाही. प्रत्येक जण आपापली गोष्ट घेऊन येणार आणि खडूफळा यांची फाइल दोन बोटांची चार बोटं होणार. पेशंट समोर नसताना निदान करू नये. दुसऱ्या चांगल्या डॉक्टरचं मत घ्या. माझ्या मते धागा इथेच संपला.

कोपरखळी:
वळचण यांनी धागा संपवल्यावर तो किमान ५० प्रतिसाद चालतो, असा पूर्वानुभव आहे.

त्रिपाद:
मी वयाच्या दुसऱ्या वर्षापासून लंगडतोय. पोलिओ. त्यामुळे या विषयात माझी ज्येष्ठता मान्य व्हावी.

गेल्या दोनतीन वर्षांत माझी चाल बिघडली. जिथे गेलो तिथे पायातलं कॅलिपर बघून एकच उत्तर, 'पोलिओच तो, आता वयाने वाढणार.' असं होतंही. पोलिओनंतर काही दशकांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो, त्यामुळे त्यांना अगदीच चूक म्हणत नाही. पण मला आतून कळत होतं की हे लंगडणं माझ्या ओळखीचं नाही. पोलिओच्या पायाचं लंगडणं मला पाठ आहे. हे दुसऱ्या पायाचं होतं. शेवटी एका बाईंनी दोन्ही पाय उघडे करून तपासले. धडधाकट पायाचा खुबा झिजलेला निघाला. चाळीस वर्षं दोघांचा भार एकट्याने वाहिला, बिचारा दमला. इतकी वर्षं कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

खडूफळा, तुमच्या बाबांची 'गादी' मला माझ्या पोलिओसारखी वाटतेय. समोर दिसली म्हणून तिच्या गळ्यात माळ घातली.

रेघोटी:
त्रिपाद, कडक!

मी एमआरआय वाचणाऱ्यांपैकी. आम्ही दिसतं ते लिहितो. त्रास त्याच्यामुळेच आहे, असं आम्ही लिहीत नाही, ते वाचणारा समजतो. पाठीचा काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या एमआरआयचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडणी झाली होती. गादी फुगलेली दिसणं विशीतल्या बिनत्रासाच्या लोकांतही ३० टक्के, आणि ऐंशीतल्यांत ८४ टक्के. म्हणजे ६२व्या वर्षी फुगवटा नसता तर मी पुन्हा एकदा नाव तपासलं असतं, दुसऱ्याचा तर नाही ना आला म्हणून.

फुगवट्याला दोषी ठरवायचं तर त्या पातळीच्या नसेने तशी साक्ष द्यायला हवी. चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये सहसा सापडते ती पाचवी नस. ती दबून पाय लुळा झाला असेल तर पाऊल आणि अंगठा वर उचलायला जोर पडत नाही. घरी बघता येईल: बाबांना टाचांवर चालता येतं का? मग चवड्यांवर?

खडूफळा:
आत्ताच करून पाहिलं. टाचांवर १० पावलं, चवड्यांवर १० पावलं, दोन्ही जमलं. एका पायावरही उभे राहिले, कंबर सरळ. मी अंगठा खाली दाबत होते आणि ते वर उचलत होते, तर दोन्ही अंगठ्यांचा जोर सारखा. बाबा म्हणाले, तीन डॉक्टरांनी मिळून केलं नाही ते तू दहा मिनिटांत केलंस, फी किती?

रेघोटी:
मग पाय लुळा नाहीये. पाऊल उचलायची ताकद आहे, पण चालताना उचललं जात नाहीये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पाऊलवाट:
फिजिओथेरपिस्ट. रेघोटी यांना अनुमोदन. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा सगळ्यांनी, धाग्याचं मर्म तिथे आहे.

पाऊल लोंबत असेल तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली जे छोटं हाड हाताला लागतं, तिथे नस दबलीय का बघतात. मांडीवर मांडी टाकून बसणाऱ्यांची, आणि वजन झपाट्याने उतरलेल्यांची ती नस तिथे दबते. मणक्यावर खापर फुटतं आणि दोष असतो बसण्यात. पण इथे ते बाद झालं.

खडूफळा, व्हिडिओ काढा. समोरून, मागून, बाजूने. दहाएक मीटर जाऊन वळून परत यायला सांगा. वळणं नक्की टिपा. 'नीट चाला' म्हणू नका, लोक परीक्षेसारखे चालतात. आणि कृपा करून पायाचा व्हिडिओ काढू नका, माणसाचा काढा, डोक्यापासून पावलापर्यंत. लोक मला हटकून नुसत्या घोट्यांचे व्हिडिओ पाठवतात.

खूरमांडी:
अवांतर करतो. मी गुरांचा डॉक्टर. आमचा पेशंट बोलत नाही, तरी निदान अडत नाही. घोडा पुढच्या पायाने लंगडत असेल तर आम्ही डोकं बघतो. दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की मान खाली जाते. नवा माणूस पायाकडे बघत बसतो आणि हटकून भलताच पाय सांगतो. कुत्र्यातही तेच. चालणं हा अख्ख्या शरीराचा धंदा आहे, चुकीची सही भलतीकडेच उमटते.

दुडूदुडू:
खूरमांडी, बोलता न येणारे पेशंट आमच्याकडेही असतात! लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. दीड-दोन वर्षांचं मूल लंगडत असेल तर त्याला जमिनीवर सोडून रांगताना बघायचं. चालताना लंगडतं पण रांगताना मजेत आहे, तर दोष बहुधा गुडघ्याच्या खाली, नडगीत नाहीतर पावलात. या वयात साध्या धडपडीत नडगीचं हाड तिरकं तडकतं आणि पहिल्या एक्स-रेत कित्येकदा दिसतही नाही. दहाएक दिवसांनी पुन्हा काढला की हाड जुळताना दिसतं.

हा धागा पालकही वाचत असतील म्हणून एक सांगते. मुलाला ताप आहे आणि ते पाय टेकवतच नाही, खुबा हलवू देत नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका. सर्दीतापानंतर खुबा सुजून आठवड्याभरात आपोआप बरा होतो, तेही मुलांत नेहमीचं आहे. पण सांध्यात पू झाला असेल तर काही तासांनीही फरक पडतो. दोन्हींतलं कोणतं, हे घरी ठरवू नका.

कोपरखळी:
खडूफळा, बाबांना रांगायला लावू नका म्हणजे झालं.

मुक्कामपोस्ट:
माझ्या काकांचं वेगळं होतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळायची, थांबलं की दोन मिनिटांत बरं, पुन्हा तेवढंच अंतर. निदान निघालं पायाच्या रक्तवाहिनीतला अडथळा. त्यांच्याच मित्राची अगदी तशीच तक्रार, पण त्याला नुसतं उभं राहून बरं वाटायचं नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागायचं. सायकल मात्र कितीही चालवायचा. त्याचा मणका निघाला.

तोवर काठी द्या ना. पडून हाड मोडलं तर भलतंच व्हायचं.

खडूफळा:
काठी आणली होती. उजव्या हातात धरायला नको म्हणतात. गेल्या वर्षी उजवा खांदा आखडला होता, व्यायामाने बराचसा सुटला, पण हात अजून मोकळा नाही. आणि डाव्या हातात विचित्र वाटतं म्हणे.

अस्थिपंजर:
पाय उजवा असेल तर काठी डाव्याच हातात बरी. चालताना उजवा पाय आणि डावा हात एकदम पुढे येतात, काठी त्याच लयीत पडते. खुबा दुखत असेल तर भारही तशानेच हलका होतो. सिनेमात सगळे उलट्या हातात धरतात.

वळचण:
मी धागा संपवला होता, पण एक प्रश्न राहवत नाही. उजवा खांदा गेल्या वर्षी, उजवा पाय आठ महिन्यांपूर्वी. आपण सगळे कंबरेच्या खाली शोधतोय. हा योगायोग आहे?

अस्थिपंजर:
वळचण, उभा राहून टाळ्या वाजवतोय. काठीचं व्याख्यान देताना खांदा माझ्या डोळ्यांपुढून गेला आणि मी तो तसाच जाऊ दिला.

पाऊलवाट:
खडूफळा, व्हिडिओ काढला असेल तर एकच बघून सांगा. चालताना उजवा हात हलतो का?

खडूफळा:
उत्तर द्यायला दोन दिवस लागले. व्हिडिओ परवाच काढला होता, पण मीही पायच बघत होते. हाताचं वाचलं आणि पुन्हा लावला.

डावा हात झोकात पुढेमागे जातो. उजवा कोपरात किंचित दुमडून पोटाशी धरल्यासारखा, हलतच नाही. वळताना एका जागी पाचसहा छोटी पावलं टाकून वळतात. रोज समोर वावरणारा माणूस, आणि मला हे दिसलं नव्हतं.

आईला विचारलं. म्हणाली, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, पण खांद्यामुळे असेल असं वाटलं. बँकेने सही जुळत नाही म्हणून एकदा कागद परत पाठवला होता, अक्षर बारीक झालंय. आणि ती दोन वर्षांपासून वेगळ्या पलंगावर झोपते, कारण बाबा झोपेत ओरडतात आणि लाथा झाडतात. आम्ही त्यावर घरात हसायचो.

मला आता थोडी भीती वाटतेय.

हरहुन्नरी७:
पार्किन्सन. दुसरं काही नाही.

कोपरखळी:
हरहुन्नरी, जरा थांबा की. समोर मुलगी वाचतेय. (आज विनोद नाही.)

मुक्कामपोस्ट:
पण त्यात हात थरथरतात ना? खडूफळा यांनी थरथरीचं कुठेच लिहिलेलं नाही.

अस्थिपंजर:
सगळ्यांनाच थरथर असते असं नाही. काहींची सुरुवात नुसत्या मंदपणाने आणि ताठरपणाने होते, तीही एकाच बाजूने. आखडलेला खांदा म्हणून ते आधी आमच्याकडेच येतात. आम्ही खांदा सोडवतो आणि घरी पाठवतो.

पण खडूफळा, इथे शिक्का मारून घेऊ नका. अशी चाल मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आल्यानेही बिघडते. हातापायांत ताठरपणा येतो, बोटांची बारीक कामं जड जातात, आणि कंबरेच्या एमआरआयमध्ये मान येतच नाही. लहानसा पक्षाघात येऊन गेलेला असू शकतो. काही गोळ्यांनीही होतं. हे सगळं वेगळं काढणं न्यूरॉलॉजिस्टचं काम आहे. माझ्याकडे किंवा माझ्या भाऊबंदांकडे जाऊ नका. मणक्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर पुढे ढकला, आठ महिन्यांत न बिघडलेली ताकद आठ दिवसांत जात नाही.

जाताना फाइल न्या, व्हिडिओ न्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. 'औषध कोणतं घेता?' याच्या उत्तरात लोक निम्मं सांगतात.

वळचण:
जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं ते अवघ्या ६ जणांवरून. त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. फाइल नव्हती, खुर्ची नव्हती. धागालेखिकेच्या मूळ प्रश्नाला हे उत्तर पुरावं. मी निदान करत नाहीये, इतिहास सांगतोय.

दुडूदुडू:
खडूफळा, एकट्या जाऊ नका, आईला सोबत न्या. झोपेतलं आणि बटणांचं तीच नीट सांगेल.

(तीन आठवड्यांनंतर)

खडूफळा:
अपडेट द्यायला उशीर झाला, क्षमस्व.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन आलो. बाई दारातच उभ्या होत्या. बाबांना आत बोलावलं, बसू दिलंच नाही, व्हरांड्यात चालायला लावलं आणि स्वतः मागून चालल्या. मग अंगठा-तर्जनीची चुटकीसारखी उघडझाप करायला सांगितली. डाव्या हाताची सुरळीत, उजव्याची पाचसहा वेळा मोठी आणि मग लहान लहान होत गेली. मनगट धरून हलवलं तर उजवं अडकत अडकत हलत होतं. हातोडीने गुडघे, घोटे, तळपाय बघितले आणि म्हणाल्या, मान आणि कंबर दोन्ही या गुन्ह्यात नाहीत. फाइल त्यांनी शेवटी उघडली.

मग पिशवी. रक्तदाबाच्या गोळीखाली आणखी एक पाकीट निघालं, चक्करची गोळी, सिनारिझिन असलेली. दोन वर्षांपूर्वी एकदा गरगरलं होतं तेव्हा दहा दिवसांसाठी दिली होती. बाबांनी चालूच ठेवली, रोज रात्री एक. मी विचारलं, एवढ्या फॉर्मांवर 'चालू औषधे' लिहिली, ही का नाही सांगितलीत? तर म्हणे, ती कुठे औषध आहे, ती तर चक्करची गोळी.

त्या बाई शांतपणे म्हणाल्या की या गोळीने पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. पण गोळीमुळे आलेली बहुधा दोन्ही बाजूंना येतात. बाबांचं एकाच बाजूला आहे, झोपेतल्या लाथाही जुन्या आहेत, म्हणजे आत मूळ आजार असण्याची शक्यता अधिक आणि गोळीने त्याला उचकवलं असेल. आज गोळी बंद, तीन महिन्यांनी परत या, तोवर पार्किन्सनचं औषध नाही. मेंदूचा एमआरआय सांगितला, तो ठीक आला. मणक्याच्या ऑपरेशनचं नाव काढल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

तर नाव अजून नक्की नाही.

अस्थिपंजर:
सिनारिझिन! आणि अशा नुसत्या चक्करच्याच गोळ्या नाहीत. आम्लपित्तासाठी आणि मळमळीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड किंवा मेटोक्लोप्रमाइड असतं, तीही हाच खेळ करतात. मी स्वतः दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पोटासाठी म्हणून काय काय लिहितो, ते आज बसून तपासलं.

रेघोटी:
तीन महिन्यांनीही गोंधळ राहिला तर डॅट स्कॅन म्हणून एक तपासणी असते. नुसती गोळीची करणी असेल तर ती सहसा नॉर्मल येते. पण तुमच्या डॉक्टर सांगतील तेव्हाच. आठ महिन्यांत खूप फोटो काढून झालेत.

त्रिपाद:
बाबांना सांगा, लंगडणाऱ्यांच्या संघात त्यांची जागा राखून ठेवलीय, पण त्यांनी ती तीन महिन्यांनी नाकारली तर आम्हाला आनंदच होईल.

पाऊलवाट:
निकाल काहीही लागो, चालण्याचा सराव आजपासून करता येईल. मुद्दाम मोठी पावलं टाकायची, आधी टाच टेकवायची, हात ठरवून हलवायचा. मोठ्याने मोजत चाललं तर पाऊल सुधारतं. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा.

आणि चपला. झिजलेल्या चपलेने अडखळायला होतं, नवी जोडी घ्या. तळव्यावर आजची तारीख लिहा आणि तीन महिन्यांनी तपासायला जाताना ती चप्पल सोबत न्या. पाय किती घासतोय याचा तुमच्या आठवणीपेक्षा तो खात्रीचा पुरावा आहे.

खडूफळा:
तारीख लिहिली, दोन्ही तळव्यांवर. बाबा म्हणाले, चपला चोरीला गेल्या तर चोर तीन महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे हजर होईल.

चक्कर परत आलेली नाही. पाय अजून घासतोय. आज सकाळी ते अंगणात मोजत चालत होते, 'एक-दोन, एक-दोन', आणि आई खिडकीतून 'हात!' म्हणून ओरडत होती.

मुक्कामपोस्ट:
तीन महिन्यांनी याच धाग्यावर लिहा. वाट बघतोय.